गंभीररावांची खेळबंदी

सोनखेडच्या गंभीरराव महाराजांनी पोरांच्या खेळावर बंदी घातली, कारण त्यांचे चिरंजीव पाटीसमोर बसेनात. चिरंजीवांचं वय वर्षं चार. त्रिंबकशास्त्री शिकवायला आले की बाळराजे मागच्या दाराने पसार! सापडायचे कुठे, तर मुदपाकखान्यामागच्या अंगणात, मातीचे लाडू वळताना.

त्या अंगणात म्हाळसा पोरं सांभाळायची. वाड्यातल्या दळणाऱ्या-झाडणाऱ्या बायका आपली कच्चीबच्ची तिच्यापाशी सोडून कामाला जात. अंगण बंद झालं तर ही पोरं चुलीपाशी नाहीतर विहिरीपाशी घुटमळणार, हे म्हाळसाने ओळखलं. ती तडक दरबारात गेली.

"महाराज, पोरं खेळतात तेव्हाच शिकतात. चिंचोके वाटून घेताना हिशेब शिकतात, भांडण मिटवताना न्याय शिकतात."

"न्याय करायला मी आहे," महाराज गुरगुरले. "विद्येची सुरुवात गप्प बसण्यापासून होते. उद्या तुझी सगळी पोरं, आमच्या बाळराजांसकट, इथे आणून बसव. शास्त्रीबुवांचा पाठ संपेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. जमलं तर अंगण तुझं. एक जरी पोर हललं, तर अंगणाला कुलूप."

दरबारी गालातल्या गालात हसले. शास्त्रीबुवांचा पाठ सुरू झाला की भल्याभल्यांच्या पायाला मुंग्या येत. तिथे ही वानरसेना काय टिकणार?

दुसऱ्या दिवशी म्हाळसाने पोरांना मांडी घालून ओळीत बसवलं, प्रत्येकाच्या कानात काहीतरी कुजबुजली आणि डोक्यावर हलकेच टपली मारली. बस्स! पोरं जी थिजली, ती थिजलीच. भटारणीच्या शकूच्या नाकावर माशी बसली, तरी शकू ढिम्म. एकाचं नाक ओठापर्यंत आलं, पण त्याने पुसलं नाही. शास्त्रीबुवांनी स्वतः दोनदा मांडी बदलली. दिवाणजी तर सरळ घोरायला लागले.

पाठ संपला. महाराजांनी मिशीवर ताव दिला.

"शाबास, म्हाळसा. खेळाशिवाय पोरं बसू शकतात, हे तूच दाखवून दिलंस. अंगण तुझं. पोरं मात्र उद्यापासून शास्त्रीबुवांची. अंगणात तू एकटी खेळ."

अस्सा डाव! म्हाळसाला मनातून संताप आला, पण तिने पदर सावरला आणि लवून मुजरा केला.

"जशी आज्ञा. मग पोरांना उठवा, महाराज."

"उठा," महाराज म्हणाले. कोणी उठेना. ते ओरडले. कोणाची पापणी हलेना. शिपायाने बाळराजांना उचललं, तर ते मांडी घातल्या घातल्याच वर आले. महाराजांचा चेहरा उतरला.

"काय केलंस माझ्या लेकराला?"

"काही नाही. विषामृत खेळतायत. मी डोक्याला शिवून विष दिलं की थिजायचं. त्यांच्या गड्याने शिवून 'अमृत' म्हटलं की सुटायचं."

"खेळ? माझ्या दरबारात?"

"सकाळपासून रंगलाय, महाराज."

शास्त्रीबुवा लगबगीने पुढे झाले आणि बाळराजांच्या डोक्यावर हात ठेवून "अमृत" म्हणाले. बाळराजे जैसे थे.

"तुम्ही कुठे खेळात आहात?" म्हाळसा म्हणाली. "सगळे गडी थिजलेत. एकच मोकळा आहे, आणि तो बाळराजांनी स्वतः निवडलाय."

"कोण तो?" महाराजांनी विचारलं.

"त्यांचे आबासाहेब."

बाळराजे हलले नाहीत, पण डोळे मात्र सिंहासनाकडे लागले होते.

"मी खेळू?" महाराज पुटपुटले. "अगं, मी खेळ बंद करणारा!"

"खुशाल बंद करा, महाराज. फक्त तो बंद करायला आधी तुम्हाला खेळावं लागेल."

महाराजांनी तिच्याकडे पाहिलं, पोराकडे पाहिलं आणि असे हसत सुटले, की दिवाणजी दचकून जागे झाले. सिंहासनावरून उतरून त्यांनी एकेका पोराला शिवत "अमृत, अमृत" म्हटलं. दरबारात एकच कल्ला उठला.

"आबासाहेब, पळा," बाळराजे किंचाळले. "म्हाळसामावशी येतेय!"

महाराज जामा सावरत पळाले. पळता पळताच म्हणाले, "म्हाळसा, पोरंही तुझी. आणखी काय पाहिजे, बोल!"

"गाडीभर नदीची वाळू," म्हाळसा मागून म्हणाली.

"दिली," म्हणत महाराज शास्त्रीबुवांच्या पाठीमागे लपले, आणि म्हाळसाचा हात पडला तो शास्त्रीबुवांवर. बिचारे तोंड उघडं ठेवून थिजले. त्यांना अमृत द्यायची घाई मात्र कोणालाच नव्हती.