डाव्या डोळ्यातला प्रकाश

"मग आता पुढची पायरी कोणती, बाबा?"

मास्तरांनी विचारलं आणि पाठ आणखी ताठ केली. अंगावर कोरं भगवं उपरणं होतं. गळ्यात सकाळचा हार होता. डोंगर चढून मठीपर्यंत येताना झेंडू पार मलूल झाला होता, पण हार काढावा असं काही त्यांना वाटलं नव्हतं.

गेनुबाबा ओसरीवर पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावत बसले होते. चार महिने ते दुसऱ्या गावी मुक्कामाला होते, कालच परतले होते.

"मागची कोणती झाली?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

दिनकरराव कस्तुरे, खालच्या गावचे निवृत्त हेडमास्तर, बाबांचे जुने शिष्य, याच प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांनी सगळं सांगितलं. पहाटे ध्यानाला बसलं की डोळ्यांपुढे काळे ठिपके तरंगतात, जळमटांसारखे धागे हलतात. ही जन्मोजन्मीची पापं सुटून चालली आहेत, हे त्यांचं त्यांनीच ओळखलं. मग कडेनं प्रकाश लखलखायला लागला. डोळे मिटले तरी लखलखायचा. मास्तरांनी ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती, म्हणजे फक्त बायकोला आणि देवळात दोघाचौघांना. आता रोज सकाळी माणसं पायावर डोकं ठेवायला येत होती. मास्तर नको नको म्हणत होते आणि पाय पुढे करत होते.

"तुम्हाला कधी दिसला का हो, बाबा, असा प्रकाश?"

विचारण्यात नम्रता होती, पण पातळ.

"दिसला."

मास्तरांचा चेहरा जरा उतरला.

"मग?"

"मग एसटीनं जिल्ह्याला गेलो. डोळ्याचा आतला पडदा फाटत होता. डॉक्टरीणबाईंनी लेझर मारून जागच्या जागी बसवला."

मास्तर हसले. गुरू अशीच परीक्षा पाहतात, हे त्यांनी पुष्कळ ठिकाणी वाचलं होतं.

बाबांनी पत्रावळ बाजूला ठेवली. हात धोतराला पुसले. जवळ येऊन मास्तरांचा जाड भिंगांचा चष्मा काढून घेतला आणि तळहात त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला.

"आभाळाकडं बघा. काय दिसतं?"

"ठिपके... आज फार आहेत."

"आणि?"

"खालच्या कोपऱ्यात काळं आहे. पदर ओढल्यासारखं. कालपासून आहे."

"काय वाटलं तुम्हाला ते?"



"वाटलं... जग मावळायला लागलं."

बाबांनी हात डाव्या डोळ्यावर नेला.

"आता?"

मास्तर बराच वेळ आभाळाकडे पाहत राहिले. आभाळ धूसर होतं, पण सगळं होतं.

"आता ठिपके नाहीत."

"आणि काळं?"

"तेही नाही."

"जन्मोजन्मीची पापं," बाबा म्हणाले, "सगळी डाव्या डोळ्यातच होती म्हणायची."

...

मास्तरांनी हार काढला. कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून मांडीखाली सरकवला. कान तापले होते. वर्गातल्या पोराला उठाबशा काढायला लावणाऱ्या माणसाला आपली अशी गत होईल असं कधी वाटलेलं नसतं.

पण माणूस शहाणा होता. लगेच सावरायला लागला. आत्ताच निघतो म्हणाला. दुपारची जीप गाठतो, जिल्ह्याला जातो. गावात सांगायचं कारण नाही. घरी म्हणतो, पाहुण्यांकडे चाललोय. डोळा बरा झाला की हळूहळू लोकही विसरतील.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं.

"कौसाबाई आली होती सकाळी," ते म्हणाले.

कौसाबाई म्हणजे गावाच्या गोधड्या शिवणारी म्हातारी. लहानपणी देवी आल्या तेव्हा तिचा एक डोळा गेला होता. उरलेल्या डोळ्यावर ती सुई चालवायची आणि तेवढ्यावर पोट भरायची.

"तिलापण उजेड चमकतो. सुईत दोरा जाईना म्हणाली. मी म्हटलं, चल, दवाखान्यात नेतो. तर म्हणाली, नको बाबा. मास्तर म्हणले, कृपा झालीय. औषध घातलं तर इझंल."

मास्तरांना ते वाक्य आठवलं. माणसं भोवती होती, अगरबत्ती लावलेली होती, आणि ते वाक्य तोंडातून आपोआप आलं होतं. म्हातारी त्यांच्या पायावर कपाळ टेकून रडली होती. त्यांना तेव्हा फार बरं वाटलं होतं.

"तुम्ही समजावलं नाही तिला?"

"समजावलं. तिला वाटलं, मी तुमच्यावर जळतो."

 मघाशी मास्तरांना लाज वाटली ती स्वतःच्या फजितीची होती. फजिती माणूस पचवतो. आत्ताची लाज वेगळी होती, ती घशाखाली उतरेना. त्यांनी वाकून बाबांच्या पायांना हात लावायला घेतला.

बाबांनी पाय आखडून घेतले.

"जीपमध्ये दोघांना जागा होते," ते म्हणाले.

"पण ती येणार नाही, बाबा. तुम्हीच म्हणता, ती ऐकत नाही."

"माझं ऐकत नाही."

मास्तर विचारात पडले. मग त्यांच्या चेहऱ्यावर थोडी तरतरी आली.

"मी तिला सांगतो, मला पहाटे आदेश झाला. कौसाला दवाखान्यात ने, असा आवाज आला. म्हणजे लगेच उठेल ती. माझ्या शब्दाबाहेर नाही."

 बाबा नुसते बघत राहिले.

...

आपण काय बोललो ते मास्तरांना उशिरा ऐकू आलं. म्हातारीचा डोळा जायची वेळ आली होती आणि हे अजून आपलं आसन सांभाळत होते. मान खाली गेली. मांडीखालच्या चुरगळल्या झेंडूचा वास येत होता. गावच्या पारावरून, सगळ्यांच्या देखत, कौसाबाईच्या दारात जायचं होतं. नाइलाज होता, आणि तोच त्यांना सहन होत नव्हता.

"मग काय सांगू तिला, बाबा?"

आवाज इतका बारीक होता की शाळेतल्या कुणी ओळखला नसता.

गेनुबाबांनी चष्मा धोतराच्या सोग्यानं पुसला आणि आपल्या हातानं मास्तरांच्या नाकावर बसवला.

"दिसलं ते सांगून झालं," ते म्हणाले. "आता दिसत नाही ते सांगा."