महाराजांचं वय आणि सगुणाचं यंत्र

“यंत्रात आमचं वय लिहायचं ते ‘चिरतरुण’! आणि दर वाढदिवसाला त्यात एक मिळवायचा!” राजा भानुसेनाने फर्मान सोडलं आणि यंत्रशाळेतल्या सगुणाने कपाळावर हात मारून घेतला.

सगुणा ही कुंभाराची पोर. दरबारात गणकयंत्र आलं तेव्हा त्याच्याशी बोलायला एकही विद्वान धजेना, हीच पुढे झाली. यंत्राची भाषा शिकली आणि यंत्रावर जीवही जडला. पण महाराज म्हणजे हट्टाचं मोठं गाठोडं! पहिल्याच दिवशी अडून बसले. “वाक्य संपलं की अर्धविराम द्यायचा? आमचं वाक्य कुठे संपलं ते यंत्राला कळत नाही?”

“महाराज, आपलं बोलणं संपलं की चोपदार काठी आपटतो ना? हा तिथला चोपदार समजा.”

“चोपदार आहे होय! मग दे, दे!” महाराज खूश झाले.

पण वयाचं प्रकरण चोपदारावर भागणारं नव्हतं. महाराजांना रोज संधिवाताचा काढा लागे, आणि काढ्यात अर्काचे थेंब घालायचे ते वयाइतके, असा वैद्यबुवांचा नियम. ते थेंब यंत्र मोजून द्यायचं. म्हणजे वय हवंच, आणि वय कळताही कामा नये!

सगुणाने आधी आकड्याच्या खणात ‘चिरतरुण’ भरून पाहिलं. यंत्राने सरळ नकार दिला. इथे आकडे राहतात, अक्षरांना जागा नाही! मग तिने अक्षरांचा खण उघडला. त्यात ‘चिरतरुण’ बसलं ऐटीत. वाढदिवस उजाडला, सगुणाने एक मिळवायला सांगितलं, आणि यंत्राने सांगितल्याबरहुकूम तो एक शेवटी नेऊन चिकटवला. भर दरबारात यंत्राच्या पाटीवर झळकलं, ‘चिरतरुण१’!

“हा एक कशाला आमच्या शेपटाला?” महाराज गरजले.

थेंबांचं तर विचारूच नका. अक्षरांवरून थेंब मोजायचे कसे? यंत्राने एकही थेंब टाकला नाही. नुसतं गरम पाणी पिऊन महाराजांचे गुडघे असे धरले, की सिंहासनावरून उठवायला चार पहिलवान लागले!

राजज्योतिषी त्र्यंबकशास्त्री याच संधीची वाट बघत होते. यंत्र आल्यापासून त्यांचं पंचांग कुणी विचारत नव्हतं. “महाराज, असलं अवलक्षणी धूड विहिरीत टाका आणि ही पोर पाठवा गाढवं हाकायला!”

“उद्या संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर तसंच होईल!” महाराज गुडघे चोळत म्हणाले.

सगुणा घरी आली ती रडकुंडीला येऊन. यंत्र विहिरीत? तेवढ्यात दारात एक गिऱ्हाईक आलं.

“घर कुणाचं म्हणायचं, बाई?”

“सगुणाच्या बाबांचं,” आई म्हणाली.

“नाव काय त्यांचं?”

“इश्श! नाव कसलं घ्यायला लावता? ते बघा, बसलेत चाकावर!”

गिऱ्हाईक मडकं घेऊन गेलं. सगुणाने आईला चिडवलं, “तुला बाबांचं नाव ठाऊकच नसेल!”

“ठाऊक नसायला काय झालं? मनात रोज घेते. पण बाहेर कुणी विचारलं तर सांगायचं ते दुसरंच!”

सगुणा ताडकन उठली. आईच्या गालाचा पापा घेतला आणि तशीच यंत्रशाळेकडे पळाली!

दुसऱ्या दिवशी दरबार खच्चून भरला. सगुणा म्हणाली, “महाराज, बाबा कौलांचा साचा करतात, तसा मी यंत्राच्या भाषेत ‘राजा’ नावाचा साचा केला. त्यातून आपल्याला काढलं.”

“आम्हाला? साच्यातून?”

“यंत्रातल्या आपल्याला! खरे आपण एकच. विचारून तर बघा.”

महाराजांनी यंत्राला वय विचारलं. पाटीवर उमटलं, ‘चिरतरुण’. शेपूट नाही, काही नाही! मग वाढदिवस करायला सांगितला. पुन्हा ‘चिरतरुण’. काढा मागितला तर नळीतून थेंब टपटपले. वैद्यबुवांनी मनाशी मोजले आणि मान डोलावली. “बरोब्बर! गेल्या वर्षीपेक्षा एक जास्त!”

“हे गं कसं?” महाराज चाट पडले.

“वय आकडाच आहे, महाराज, पण साच्याच्या पोटात, कडीकुलपात. वाढदिवस आला की आतल्या आत वाढतं, काढ्यालाही आतूनच मिळतं. बाहेरून विचारलं की उत्तर एकच. माझी आई बाबांचं नाव मनात ठेवते ना, तस्सं!”

शास्त्रीबुवांनी स्वतः पुढे होऊन साच्याच्या पोटातलं वय थेट मागून पाहिलं. यंत्राने ठणकावलं, ‘आत यायला मनाई आहे!’

“मग मलाही सांगणार नाही?” महाराजांनी विचारलं.

“आपण इतक्या कष्टाने विसरलात, महाराज. यंत्राने कशाला आठवण करून द्यावी?”

दरबारात खसखस पिकली. शास्त्रीबुवा मात्र चवताळले. “फसवणूक! काढ्याचे थेंब मोजले की झालं! मीही मोजलेत आत्ता. सांगू? महाराजांचं वय आहे…”

“सांगा की, खुशाल सांगा!” सगुणा हसून म्हणाली. “फक्त साच्यात आणखी एक ओळ लिहिली आहे. महाराजांचं वय जो मोठ्याने बोलेल, त्याच्यासाठी यंत्र लगेच काढा काढेल. थेंबांऐवजी तेवढे पेले!”

नळी हळूच शास्त्रीबुवांच्या दिशेला वळली. कडू वास दरवळला. शास्त्रीबुवा दोन पावलं मागे सरले.

“आहे… आहे… चिरतरुण! दुसरं काय असणार?”

महाराज असे खदाखदा हसले की दुखरे गुडघे विसरून उभेच राहिले! गळ्यातला कंठा काढून त्यांनी सगुणाच्या गळ्यात घातला. “यंत्रशाळा आजपासून तुझी! कुणी यंत्राला हात लावला तर गाठ आमच्याशी!”

आणि पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला, “सगुणे, तो साचा घेऊन जरा आत ये गं!”