काजळीने कोंडलेले धुराडे

एका राज्यात विटांचे एक धुराडे होते. राजवाड्याच्या मुदपाकखान्यावर उभे, राजाच्या खापरपणज्याच्या वेळचे. राज्याची रीत अशी, की बाळाच्या गालाला तीट लावायची ती त्याच धुराड्याच्या काजळीची. म्हणून आतली काजळी कुणी कधी खरवडलीच नाही. काजळी जितकी जाड, तितकी लेकरे सुखरूप, असे लोक म्हणत.

पण झाले काय, त्या काजळीत काजळनाथ मांत्रिक येऊन बसला आणि आतून कोपराने विटा ढकलू लागला. गवंडी रखमोजीने सकाळी वीट लावावी, दुपारी ती धाडकन खाली! धूर उलटा घरात. राणी कमळजेचा तान्हा राजपुत्र खोकून खोकून निळा पडला. राणीने त्याला बागेत नेले, तर धूर मागोमाग बागेत आला. चूल विझवली, तरी धूर विझेना.

तेव्हा धुराड्यावर घरटे केलेली पाकोळी बोलली, "राणीसाहेब, आत मांत्रिक आहे. तहानलेल्या विटांना पाणी पाजा. रुसलेला चुना मनवा. तिसरे काम बाळाच्या आईचे, ते वर आल्यावर सांगेन. दिवस मावळला, की बाळाचा श्वास त्याचा!"

राणीने बाळाला जिऊ दाईकडे दिले आणि पदर खोचला.

पडलेल्या विटा विहिरीत टाकल्या. घटाघटा पिऊन त्यांनी विहीर तळाला नेली, तरी बुडबुडे चालूच!

"आता लाव की रे बाबा!" राणी कळवळली.

"नाही राणीसाहेब," रखमोजी म्हणाला. " कोरडी वीट चुन्यातले पाणी पिते, मग सांधा सुटतो."

राजा उदयभानाने तळ्याचा बांध फोडून पाणी विहिरीत सोडले. विटा पोटभर प्यायल्या आणि चक्क ढेकर दिली.

मग चुना. चुना दळायच्या घाणीचे बैल ओढून थकले, चुना फिरेना. म्हणाला, "नुसते रगडता! कधी तोंड गोड केलेत?" रखमोजीने गुळाचे पाणी ओतले, बेलाचा गर घातला. चुना लोण्यासारखा झाला.

ऊन कलले. राणी शिडीवरून सरसर वर चढली.

"तिसरे काम सांग, लवकर!"

"आतली काजळी खरवडा," पाकोळी म्हणाली. "सगळी."

राणीचा हात थबकला. खालून जिऊ दाई ओरडली, "अगं बाई, नको! बाळराजांना दृष्ट लागेल!"

राजा म्हणाला, "राणी, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे."

आणि धुराड्याच्या आतून गोड आवाज आला, "आई असून लेकराची राखण पुसतेस?"

राणीने बाळाकडे पाहिले. खरेच काही झाले तर? इतक्यात खाली बाळ खोकले, आणि पुढचा श्वास येईचना.

"दृष्ट लागायला आधी लेकरू जगायला हवे!" राणी कडाडली आणि तिने खुरपे घातले.

खरर्! खरर्! काजळीची ढेकळे सुटली. ढेकळांबरोबर मांत्रिकाची दाढी सुटली, मग कोपर सुटले, मग अख्खा काजळनाथ गडगडत चुलीत पडला. पडला तो चिमूटभर राख होऊन. वाऱ्याने ती उचलली आणि राज्याबाहेर टाकली.

"रखमोजी, वीट!"

"ही घ्या, राणीसाहेब!"

थापी चालली, सांधे भरले, शेवटची वीट बसली. राजाने स्वतः चूल पेटवली. सगळ्यांच्या माना वर. पांढराशुभ्र धूर सुतासारखा सरळ आभाळात गेला!

आणि बाळाने श्वास घेतला. असा घेतला, की पाठोपाठ भोकाड पसरले. तळ्यावरचे बगळे उडाले.

"उगी उगी," दाई थोपटू लागली.

"रडू दे गं, जिऊ!" शिडीवर बसून राणी रडत हसत म्हणाली. "छाती भरून रडू दे!"

राजाने दवंडी पिटवली, की दर साली धुराडे खरवडायचे, आणि पहिला हात आईचा.

त्यांच्या घरचा धूर वर गेला, तसा तुमच्या-आमच्या घरचाही जावो, आणि लेकरे मोकळा श्वास घेवोत.