गोदीचं एकच मागणं

केशरी-पिवळ्या झेंडूच्या मळ्यात, फुलं खुडणाऱ्या आईबरोबर गोदी नावाची एक इवलीशी मुलगी राहायची. फ्रॉकला ठिगळं होती, पण गळा असा गोड, की पाखरंसुद्धा गप्प बसून ऐकायची. तिला अधूनमधून फिट यायची. मग जो तो पायातली चप्पल काढून तिच्या नाकाशी धरायला धावायचा. आता चपलेत कसलं आलंय औषध? पण सांगणार कोण! शुद्धीवर येताना बिचारीला आधी चपलेचा वास यायचा आणि मग सगळ्यांचे घाबरलेले चेहरे दिसायचे. म्हणूनच नवरात्रातल्या भोंडल्यात तिचा हात कुणी धरायचं नाही. मुली हत्तीच्या चित्राभोवती फेर धरायच्या, आणि गोदी लांब बसून गाणी म्हणायची. तिला फार वाईट वाटायचं.

नवरात्रातल्याच एका सकाळी ती शेजारच्या मंजीबरोबर फुलं वेचत होती. तोच बाहुलीएवढी, सोनेरी पंखांची एक परी झेंडूवरून टपकन खाली पडली. तिचे चिमुकले हातपाय ताठले, थरथरू लागले.

"अगं बाई, हिलापण फिट!" मंजीने चप्पल काढली. परी त्या चपलेपेक्षा जेमतेम मोठी! "हुंगव, हुंगव लवकर!"

"नको गं! त्यानं काही होत नाही, नुसता जीव घुसमटतो."

गोदीने परीच्या डोक्याखाली मऊ पाकळ्या सारल्या, तिला दोन बोटांनी अलगद कुशीवर वळवलं आणि जवळ बसून राहिली. "थांबेल हं आपोआप. मी आहे इथे."

थरथर थांबली. परीने डोळे उघडले आणि ती चक्क हसली.

"जागी होताना न घाबरलेला चेहरा आज पहिल्यांदाच पाहिला. माग काय हवं ते! पण एकच. आणि फिट घालवायचं मागू नकोस, ते मला माझ्यासाठीसुद्धा जमलेलं नाही. डॉक्टरांची गोळी मात्र रोज वेळेवर घ्यायची. कबूल?"

"कबूल."

गोदीला रेशमी परकर आठवला, चांदीचे पैंजण आठवले. शेवटी भोंडल्याचा फेर आठवला. मग हळूच म्हणाली, "माझ्या मैत्रिणींच्या मनातली फिटची भीती जाऊ दे."

परीने पंख फडफडवले. मळाभर लख्ख सोनेरी उजेड पसरला, आणि त्या उजेडातच ती दिसेनाशी झाली.

संध्याकाळी मंजीनेच गोदीला हाताला धरून फेरात ओढलं. तिसऱ्या गाण्यात गोदी कोसळली. डोळे उघडले तेव्हा ती कुशीवर होती, डोक्याखाली मंजीची ओढणी होती, आणि मुली भोवती शांत बसल्या होत्या.

"सावकाश ऊठ," मंजी म्हणाली. "गाणं अर्ध्यावर थांबवलंय. तुझ्याशिवाय पुढे कसं म्हणणार?"

गोदीने पुन्हा डोळे मिटले आणि जराशी विसावली. कुणालाच घाई नव्हती.