खैराच्या पोकळ माळा

पूर्वी वेत्रवतीच्या काठी अरिष्टनगरात दंडधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका कातार्‍याच्या घरी जन्माला आला होता. त्याचे नाव भद्रिल. कातारी म्हणजे चरकावर लाकूड फिरवून त्याचे मणी, बांगड्या, कर्णफुले घडवणारा कारागीर. भद्रिल जमिनीवर बसून डाव्या हाताने कमान ओढी, तिच्या दोरीने लाकूड गरगर फिरे, उजव्या हातातली पटाशी त्याला टेके आणि पायाचा अंगठा पटाशीला आधार देई. पोकळ दागिन्यांच्या कामात तर त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. दोर ओवायच्या छिद्रातून तो वाकडी आकडी आत घाली आणि अख्खा गोळा आतून कोरून काढी. वरून पाहणार्‍याला तो भरीवच वाटे.

त्या वर्षी राजाने डोंगरातली गावे जिंकली. तिथल्या लोकांनी आपले रान तोडू दिले नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. त्यांच्या बारा म्होरक्या बायका पकडून आणल्या गेल्या. दरबारात त्या राजापुढे मान लववीनात. उपाशी ठेवले, चाबूक ओढले, तरी माना ताठच. तेव्हा राजाला एक युक्ती सुचली, आणि अशा माणसांना सुचायची तसलीच ती होती.

"खैराच्या भरीव गोळ्यांच्या माळा करा," तो म्हणाला. "गोळा नारळाएवढा, एका माळेत नऊ. वसंतोत्सवाच्या मिरवणुकीत त्या यांच्या गळ्यात घाला. माना आपोआप वाकतील, आणि लोक म्हणतील, राजाने कैद्यांनाही दागिने घातले!"

दरबार हसला. हसणे भागच होते.

काम कातारगल्लीत आले. गल्लीत बारा घरे होती. मुखिया कालक हा भित्रा गृहस्थ. राजाचा शिपाई दिसला तरी त्याच्या तोंडचे पाणी पळे. माळा कोणी करायच्या म्हणून तो डोके धरून बसला असताना भद्रिल म्हणाला, "कालककाका, सगळ्या माळा माझ्याकडे द्या. उत्सवाला चार महिने आहेत, होतील."

गल्लीने सुटकेचा श्वास सोडला. असले काम आपणहून घेतो म्हणून काहींनी भद्रिलला मनातल्या मनात शिव्याही दिल्या.

भद्रिलने विचार केला होता. आपण नाही म्हटले तर दुसर्‍या कुणाच्या तरी गळ्यात हे काम पडेल आणि माळा भरीव होतील. म्हणून त्याने खैराचे ओंडके आणले. खैर म्हणजे कठीण लाकूड, पटाशीला दाद देत नाही. आकड्या बोथट होत, त्या तो पुन्हा परजी. भुशाने त्याचे हात लाल झाले, खोकला जडला. एकशे आठ गोळे त्याने आतून इतके कोरले की डाळिंबाच्या सालीएवढी जाडी उरली.

उत्सवाच्या सकाळी माळा बांधायला तो स्वतः कारागृहात गेला. गिरिका नावाच्या म्हातारीच्या गळ्यात पहिली माळ घालताना तो हळूच म्हणाला, "आजी, भार नाही याला. मिरवणुकीत तेवढी मान वाकवून चाला, म्हणजे कुणाला कळणार नाही."

गिरिकेने गळ्यातला गोळा हाताने तोलला.

"भार असता तर वाकले असते, लेका. माझं वय झालंय," ती म्हणाली. "आता भारच नाही, तर वाकू कशाला?"

"कळलं तर जीव घेतील तुमचा."

"आणि वाकले तर काय ठेवतील? तुझं नाव आम्ही सांगणार नाही. पण सोंग आमच्यानं व्हायचं नाही."

भद्रिलने लाकडाचा सगळा विचार केला होता. या बायकांचा करायचा राहून गेला होता. त्याने उरलेल्या अकरा माळा बांधल्या.

मिरवणूक निघाली. बारा बायका माना ताठ ठेवून राजासमोरून गेल्या, आणि लोकांनी तोंडात बोटे घातली. राजाने एक माळ ओढून घेतली आणि गदेने गोळा फोडला. आतून नुसती हवा निघाली.

कातारगल्लीतल्या सगळ्यांना कमानींसह उभे करण्यात आले. राजाने विचारण्याआधीच भद्रिल पुढे आला.

"मी केले, महाराज."

"राजाला फसवलेस?"

"फसवले खरे. पण कामात कसूर नाही. भरीव गोळा प्रहरात होतो, याला अख्खा दिवस लागतो."

राजाला राग आला होता, तरी तो हुशार होता. तो म्हणाला, "तुझा हात मला आवडला. आता अशाच माळा भरीव कर. तुला राजकातारी नेमतो, ही सारी गल्ली तुझ्या हाताखाली देतो. नाही केल्यास तर उजव्या हाताचा अंगठा जाईल."

भद्रिलला भीती वाटली. बोधिसत्त्वाला भीती वाटत नसेल अशी आपली समजूत असते, पण अंगठा कुणालाही प्रियच असतो. क्षणभर त्याने स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिले.

"माणसाची मान वाकवायला मी चरक फिरवणार नाही," तो म्हणाला. "अंगठा घ्या."

अंगठा घेतला गेला. भद्रिल ओरडला.

"आता तू कर," राजा कालकाला म्हणाला.

कालकाने जन्मात राजाला नाही म्हटले नव्हते. त्याने जमिनीवरच्या रक्ताकडे पाहिले, आपली कमान पुढे धरली आणि सर्वांच्या देखत तिची दोरी दातांनी तोडली.

"महाराज," तो कसाबसा म्हणाला, "माझ्या कमानीची दोरी तुटली."

"माझीही तुटली," त्याच्या शेजारचा म्हणाला, आणि त्यानेही तोडली. अशा अकराही कमानींच्या दोर्‍या तुटल्या. राजाने तुटलेल्या दोर्‍या मोजल्या. अकरा अंगठे कापता आले असते, पण मग राणीच्या बांगड्या आणि राजाच्या पलंगाचे पाय कातणार कोण? तो उठून आत निघून गेला.

राजाला उपरती झाली असे सांगता आले असते तर बरे वाटले असते. तसे काही झाले नाही. वाकवायला भार मिळेना आणि त्या बायका वाकेनात. नवव्या दिवशी "यांना माझ्या नजरेसमोरून न्या" असे म्हणून त्याने वेशीचे दार उघडले. बायका आपल्या डोंगराकडे गेल्या. भद्रिल पायाच्या बोटांत पटाशी धरायला शिकला, आणि महिन्याभरात त्याचा चरक पुन्हा गल्लीत वाजू लागला.

ही कथा आपल्या भिक्षूंना सांगून शास्ता, म्हणजे भगवान, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळची गिरिका म्हणजे आजची भिक्षुणी सुवीरा. कालक म्हणजे आपला स्थविर मृगशीर्ष. दंडधर राजा म्हणजे आजार्‍यांच्या जखमा धुणारा हा पिंगल. त्याला कुणी चिडवू नका, माणूस जन्मोजन्मी शिकत असतो. आणि तो कातारी मीच होतो. गोळे कोरताना माझ्यापाशी करुणा होती. पण मी चोरून दया करू पाहत होतो. उघड्यावर उभे राहणे मला त्या म्हातारीने शिकवले. त्यालाच अधिष्ठान, म्हणजे अढळ निश्चय, म्हणतात."