एक लाख एक खडा

वाघजळीच्या पठारावर महादेवाच्या देवळापासून थेट कड्यापर्यंत पांढऱ्या गारगोट्यांच्या अकरा ओळी गेल्या आहेत. दर ओळीत नऊ हजार एक्क्याण्णव खडे, ना एक कमी ना एक जास्त. विश्वास नसेल तर बसा मोजत, आम्हाला घाई नाही. खरं तर लाखाचं हे काम दहा ओळींत सुखानं बसलं असतं. ते अकरा ओळींत गेलं, त्याला एका बाईचा मत्सर कारण झाला, असं सांगतात.

सगुणा ही कोळेकरांची थोरली सून आणि म्हाळसा तिची धाकटी जाऊ. धाकटीनं नुसती भाजी फोडणीला टाकली तरी गल्लीभर कौतुक, आणि थोरलीनं आख्खं घर ओढलं तरी तिचं कुणी नाव घेईना. सगुणेच्या पोटात दुखायचं. तशात म्हाळसेचा नवरा तापानं अंथरुणाला खिळला. तिनं नवस बोलला, नदीतले लाख खडे महादेवाला वाहीन आणि सारख्या ओळींत मांडीन. एक जरी ओळ लंगडी राहिली तर नवस फुकट. गल्लीतल्या बाया मदतीला धावल्या. सगुणेला कुणी बोलावलं नाही, आणि न बोलावता जाईल ती सगुणा कसली!

लाख खडे वाहून झाले त्या संध्याकाळी मात्र ती गेली, आणि ढिगात आपला एक खडा टाकून आली. दिराचं काय होईल हे तिच्या मनात आलं नाही असं नाही, पण जळफळाट त्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी दहा जणींनी दहा ओळी मांडल्या. एक खडा उरला. गुरव म्हणाला, "द्येवाला वाहिल्यालं माघारी घ्यायचं न्हाई." मग नऊ ओळी करून पाहिल्या, आठ केल्या, सात केल्या. कधी एक उरे, कधी दोन, सातांत तर सहा उरले. मोडत मांडत पार दोन ओळींवर आल्या, तरी एक उरलाच. किती दिवस गेले कोण जाणे. सगुणा लांब बसून बघायची आणि तिच्या जिवाला गार वाटायचं.

"अकरा करून बघू," म्हाळसा म्हणाली. पण ओळीला एक बाई, आणि बाया तर दहाच. म्हाळसा उठून सगुणेपाशी आली.

"अक्का, या की. एक जण कमी पडतंय."

चारचौघींत नाही कसं म्हणणार? सगुणा बसली. तिची ओळ कड्याशी पोचली तेव्हा बाकीच्या दहाही पोचल्या होत्या, आणि एकही खडा उरला नव्हता. बाया पुन्हा म्हाळसेचंच कौतुक करू लागल्या. सगुणेला रडू फुटलं.

"त्यो वरचा खडा म्या टाकला हुता."

"बघितलं मी. देवळातच हुते तवा."

"मग लगीच काढून का न्हाई टाकलास?"

"येवढ्या ढिगात तुमच्या हातचा त्यो एकच हुता, अक्का."

त्यानंतर पाचव्या दिवशी दीर म्हणे उठून बसला आणि त्यानं भाकरी मागितली. आजही वाघजळीत बेलाची लाखोली वाहणारी बाई आधी लाख पानं मोजते, आणि मग जिला आपलं चांगलं बघवत नाही तिच्या दारात जाऊन वरचं एक पान मागते. ती कधी तोंड वाकडं करून देते, पण देते.