आठपर्यंत कोण थांबणार?

मसाले विकणाऱ्या कंपनीचे हर्डीकरसाहेब भर मीटिंगमध्ये गरजले, "केतकी सहाला पाळणाघराकडे पळते. मग जाहिरातीच्या ईमेलला गिऱ्हाइकाचं उत्तर आलं, तर टीमला कळवणार कोण? उद्यापासून आठपर्यंत थांबायचं!"

"आजची संध्याकाळ द्या, सर, काहीतरी सोय करते. नाही जमलं तर थांबेन," केतकी बोलून गेली आणि मग तिने जीभ चावली. कोडिंगमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं! पण कोड न लिहिता चालणाऱ्या एका ॲपमधले तयार ठोकळे एकमेकांना जोडत सहाच्या आत तिने सोय केली: ईमेलला उत्तर आलं, की पाठवणाऱ्याच्या नावासकट ते आपोआप टीमच्या चॅटवर पडेल.

सात वाजता तिला पकडायला साहेबांनी घरच्या ईमेलवरून स्वतःच उत्तर पाठवलं: "ऑफिसात कोणी आहे, की सगळे पोरं सांभाळताहेत?"

क्षणात ते चॅटवर झळकलं, खाली 'हर्डीकर' नाव! हसऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली.

साहेबांचा फोन आला. "तिथे बसलंय कोण?"

लेकीला भात भरवत केतकी म्हणाली, "माझं धाकटं, सर. आजच जन्मलंय. ते रात्रभर थांबेल. थोरली जेवतेय, तिच्यापाशी मी थांबते."